दहा दिवसांचं रेडकू

नागोळवाडीत एक काळ असा आला की गावातल्या सगळ्या म्हशींची रेडकं दहा दिवसांची होती. पहिल्या वर्षी दहा दिवसांची आणि पुढच्या वर्षीही दहाच दिवसांची. ज्याला ही थाप वाटते त्यानं भोगावती नदीचं पाणी उतरल्यावर तिकडं जाऊन यावं. गोष्ट घडायला अजून पंधराएक वर्षं बाकी आहेत हे खरं, पण तेवढ्यासाठी ती सांगायची थांबण्यात काही अर्थ नाही.

तर म्हशीचं असं असतं. गाईच्या कासेत थोडंफार दूध खालच्या कोठीत उतरून बसलेलं असतं, हात लावला की निघतं. म्हशीला अशी कोठी जवळजवळ नाहीच. सगळं दूध वर, बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं. रेडकू जवळ आलं, त्याचा वास आईच्या नाकात गेला, त्यानं कासेला दोन ढुशा दिल्या, की तिच्या मेंदूतून एक रस रक्तात सुटतो. तो कासेत पोचला की त्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. हाच पान्हा. आला तर मिनिटभरात येतो, नाही आला तर तुम्ही सडांना दिवसभर लोंबकळलात तरी भांड्याचा तळ ओला होत नाही. आणि रेडकू दगावलं की म्हैस हटकून पान्हा चोरते.

ह्या रुसव्यापायी माणसानं काय काय नाही केलं. पान्ह्याच्या सुया टोचल्या, मग सुयांवर बंदी आली. बायको माहेरी गेली की बाप्यांनी तिचं लुगडं नेसून धारा काढल्या. नागोळवाडीचे एक माजी सरपंच तर ह्याच वेषात पाहुण्यांना सापडले आणि पाहुण्यांनी त्यांनाच विचारलं, "बाई, सरपंच हायत का घरात?"

शेवटी एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेडकाचा वास सुटा करून दाखवला. वास म्हणजे तरी काय, हवेत उडणारी निरनिराळी तेलं. कुठलं किती घ्यायचं एवढं कळलं की झालं. त्यांनी दुध्या भोपळ्याएवढं एक यंत्र केलं. वर काळ्या रबराची मऊ कातडी, आत वासाच्या कुप्या, एक पंखा, ऐकायला कान, हुंगायला नाक आणि रेडकासारखं ओरडायला तोंड. गव्हाणीवरच्या खुंटीला ते टांगायचं. ते म्हशीचा श्वास ऐकायचं, वासात थोडा फरक करायचं, पुन्हा ऐकायचं. असं करत करत आठवड्याभरात त्या एका म्हशीला हवं तेच रेडकू ते होऊन बसायचं. खरं रेडकू वाढतं, त्याचा वास बदलतो, तशी आईची माया सैल पडते आणि दूध कमी येतं. कंपनीनं मधली वाढच काढून टाकली. दहाव्या दिवशी माया सगळ्यात घट्ट असते असं त्यांना आढळलं होतं. म्हणून रेडकू कायमचं दहा दिवसांचं.

यंत्रानं गावाचं भलं केलं नाही असं म्हणणारा माणूस खोटा. एका म्हशीवर जगणाऱ्या बायकांना बारा महिने दूध मिळायला लागलं. घरांवर पत्रे चढले, पोरी शिकायला कोल्हापूरला गेल्या, शाळा सुटल्यावर वैरणीला जाणारी पोरं अभ्यासाला बसायला लागली. फक्त एक झालं. खऱ्या रेडकाची कुणाला गरज उरली नाही. टोणगा असो की रेडी, चार दिवसांत व्यापाऱ्याच्या टेम्पोत. आजूबाजूच्या गावांतही तीच तऱ्हा. असं होता होता सगळ्या खोऱ्यात दूध राहिलं, पण उद्याची म्हैस जवळजवळ कुठल्याच गोठ्यात राहिली नाही. बाजारात म्हैस विकत घ्यायला गेलेली माणसं नुसता बाजार बघून परत यायला लागली.

शालन तोडकरची म्हैस एकच, चिमणी. नाव चिमणी, आणि अंग एवढं की ती दारात उभी राहिली की गोठ्यात अंधार पडायचा. शालनचा नवरा आनंदा मणक्याच्या दुखण्यानं जड काम सोडून बसलेला. शेत वीस गुंठे, तेही ओढ्याकाठचं. घर चिमणीवर चालायचं आणि चिमणी पिंट्यावर चालायची. पिंट्या म्हणजे ते यंत्र. कंपनीनं त्याला दिलेलं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते गावानं पहिल्याच दिवशी टाकून दिलं. आनंदा पिंट्याला रोज ओल्या फडक्यानं पुसायचा, त्याच्याशी बोलायचा. फक्त तीट लावायची तेवढी बाकी ठेवली होती.

गोठ्याच्या मधोमध छातीएवढी विटांची भिंत. पलीकडचा अर्धा गोठा थोरल्या जावेचा, हिराक्काचा. तिनं यंत्र घेतलं नव्हतं. तिची रंभा जुन्या पद्धतीनं, रेडकू पायाशी घेऊन दूध द्यायची. भांडण तिथूनच लागलं. पिंट्याचा वास चिमणीपुरता होता, पण आवाजाला कोण अडवणार? इकडं पिंट्या ओरडला की तिकडं रंभा उभ्या उभ्या दूध गाळायला लागायची. गल्लीतल्या मांजरांना वेळ पाठ झाली. ती ओळीनं येऊन रंभाखाली बसायची, आणि त्यांतला एक बोका तर नंतर नंतर म्हणे उंदराकडं बघायचा सुद्धा नाही.

"तुझ्या भोपळ्याला सांग, माझ्या म्हशीला हाका मारू नगं म्हणून," हिराक्का एकदा भिंतीवरून म्हणाली.

"आक्का, त्यो सगळ्यास्नीच आवडतोय, त्याला मी काय करू?" शालन म्हणाली.

हे बोलायला नको होतं. त्यानंतर दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. मधे एक दिवाळी गेली, दोन संक्रांती गेल्या.

चिमणी पुन्हा गाभण राहिली तेव्हा शालननं मनाशी ठरवलं, ह्या वेळी रेडी झाली तर ठेवायची. चिमणीचं वय झालं होतं, हे वेत बहुधा शेवटचं. टेम्पोवाल्याला तिनं आधीच सांगून टाकलं की दारात येऊ नको.

व्यायच्या आधी म्हैस आटवतात, म्हणजे धार बंद करून तिला विश्रांती देतात. त्या दोन महिन्यांत यंत्र गोठ्यात ठेवायचं नाही, असं कंपनीनं बजावलेलं. जुनं रेडकू विसरू दे, मग नवं आपलंसं करते. शालननं पिंट्याला उचलून माळ्यावर ठेवलं. त्या संध्याकाळी धारेच्या वेळेला चिमणी रेकायला लागली. दुसऱ्या दिवशी पेंड हुंगली नाही. तिसऱ्या दिवशी ती खुंटीकडं तोंड करून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळताना शालननं पाहिलं. पोटुशी म्हैस उपाशी. शालनच्यानं बघवेना. तिनं माळ्यावरून पिंट्याला काढलं आणि धार न काढता, संध्याकाळी घटकाभर खुंटीला लावून ठेवलं. नुसतं जिवाला बरं वाटावं म्हणून. चिमणी शांत झाली, पेंड खाल्ली. मग ते रोजचंच झालं. त्यात काही वावगं आहे असं शालनला वाटलं नाही. कुणाला वाटलं असतं?

श्रावणात नदीला पूर आला. पुलावरून पाणी गेलं, रस्ता तुटला, आणि त्याच दिवशी भर दुपारी चिमणी व्याली. सुखरूप व्याली. रेडी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, ओल्या कापडासारखी घडी होऊन पडलेली. शालननं तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, तिला ओढत आईच्या पुढ्यात नेलं.

चिमणीनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

तिनं खुंटीकडं पाहिलं. पिंट्या खुंटीवर होता, कालपासून तो काढायचा राहूनच गेला होता. पण तो गप्प होता. पंखा बंद, ओरडणं बंद, पोटावर एक तांबडा दिवा. चिमणीनं त्याला नाक लावलं, ढोसलं, पुन्हा ढोसलं. मग तिनं मान वर करून रेकायला सुरुवात केली. हे रेकणं तिनं ऐकलेलं होतं. रेडकू मेलेली म्हैस असं रेकते.

इतक्यात रेडी कशीबशी चार पायांवर उभी राहिली आणि लटपटत कासेकडं निघाली. चिमणीनं वळून तिला शिंगाच्या बुडानं असं हाणलं की ती भिंतीवर जाऊन आपटली.

शालननं रेडीला पोटाशी धरलं आणि कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉ. समीना मुल्ला तालुक्याला बसायच्या, नदीच्या पलीकडं. पडद्यावर त्यांनी तांबडा दिवा पाहिला आणि विचारलं, "ताई, आटवल्यावर यंत्र काढलं होतं ना?"

शालननं माळ्याकडं बघितलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"पहिल्या वर्षी काही लोकांनी व्याल्यावरचा पहिला चीकसुद्धा यंत्रावर काढून विकला," त्या म्हणाल्या. "रेडकं मेली. म्हणून नियम आला. म्हैस व्याल्याचा वास आला की यंत्र आपोआप पाच दिवस झोपतं. खऱ्या रेडकाला आई मिळावी म्हणून."

"मग मिळंना की."

"कारण तिच्या लेखी तिचं रेडकू हेच आहे. आणि ते आत्ता मेलं."

"जागं करा की त्याला. घटकाभर. तेवढ्यात चीक काढती, बाटलीनं पाजती."

"मला करता येत नाही. कुलूप वरून आहे, माणसाच्या हातात ठेवलेलंच नाही. पान्ह्याची सुई माझ्याकडं आहे, चिकाची पावडर आहे, पण पूल पाण्यात आहे आणि ह्या वाऱ्यात ड्रोन उडत नाही. उद्या सकाळपर्यंत..."

"उद्यापातूर काय हुतंय?"

डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. रेडकाला जन्मताना स्वतःची रोगाशी लढायची ताकद नसते, ती सगळी चिकातून येते. आणि आतड्याची दारं चिकासाठी थोडेच तास उघडी असतात. दिवस मावळेपर्यंत चीक पोटात गेला तर ठीक. उद्या पाजलेला चीक नुसतं दूध.

रेडीची मान शालनच्या मांडीवर होती. मघाशी ती मान स्वतः उचलत होती, आता उचलत नव्हती.

"माझा आवाज बाहेर जाईल असा ठेवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कंपनीची माणूस म्हणून सांगायचं तर, थांबा. यंत्र पाच दिवसांनी जागं होईल, म्हैस दूध देईल. रेडकू गेलं तर विमा आहे."

"आनि कंपनीच्या मानूस नसता तर?"

उत्तर यायच्या आत भिंतीवरून दुसराच आवाज आला.

"आज तुझा पिंट्या गप कसा गं? घसा बसला काय?"

हिराक्का भिंतीवर कोपरं टेकून उभी होती. टोमणा मारायलाच आली होती, पण रेडी दिसली तसा टोमणा अर्ध्यात विरला. भिंतीला वळसा घालायलाही तिनं वेळ घालवला नाही. ह्या वयात लुगड्याचा काष्टा आवळून ती भिंतीवरून अलीकडं उतरली, रेडीच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं.

"किती येळ झाला?"

शालननं सगळं सांगितलं. माळ्याचं, पेंडीचं, संध्याकाळच्या घटकाभराचं. सांगताना तिला वाटलं, आता ही बोलणार. पण हिराक्का चिमणीकडं बघत होती. चिमणी खुंटीवरच्या रबराला चाटत होती, थांबत होती, रेकत होती, पुन्हा चाटत होती.

"आमच्या आईच्या वेळंला," हिराक्का हळूहळू म्हणाली, "रेडकू मेलं की त्याचं कातडं सोलायचे, आत पेंढा भरायचे, म्हशीम्होरं उभं करायचे. म्हस त्यालाच चाटायची आनि दूध द्यायची. मेल्याचं कातडं पेंढ्याला चालतंय, तर तुझ्या पिंट्याचं कातडं जित्याला का चालू नये?"

फोनमधून डॉक्टरीणबाई एकदम म्हणाल्या, "कोण बोललं ते?"

"माझी जाऊ," शालन म्हणाली. दीड-दोन वर्षांत हा शब्द तिनं मोठ्यानं उच्चारला नव्हता.

"त्यांना म्हणावं, कातडं नको. कातडं नुसतं रबर आहे. वास कुपीत आहे, तेलात." त्यांचा आवाज आता भरभर येत होता, शालननं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा भिंतीवर ठेवला. "ऐका. व्याल्यावर काही तास आईच्या मेंदूत एक खिडकी उघडी असते. त्या वेळात ती जे चाटते तो वास तिच्या डोक्यात कायमचा बसतो, हे माझं म्हणून. कुपीतलं तेल रेडीच्या अंगावर चोळलं तर ती चाटायला लागेल. चाटता चाटता तेल जाईल आणि खालचा खरा वास वर येईल. जुन्याला धरून नवा वास डोक्यात बसला, तर जमलं."

"आनि न्हाई बसला तर?"

"तर तिला कळेल की हे परकं आहे. तेव्हा रेडी तिच्या तोंडाशी असेल. मघाचा फटका लांबून होता, ताई."

बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुपी काढायची म्हणजे यंत्र फोडायचं. फोडलेलं यंत्र पुन्हा चालत नाही, आणि फोडणाऱ्याला कंपनी दुसरं देत नाही. हे जमलं नाही तर तुमच्याकडं रेडीही नसेल आणि दूधही. मी हो म्हणणार नाही, नको म्हणणार नाही."

शालननं पिंट्याकडं हात केला, तर खुंटी रिकामी होती. आनंदा दारात उभा होता आणि पिंट्या त्याच्या छातीशी.

"आना इकडं," शालन म्हणाली.

"न्हाई."

"आवो, रेडी चाललीया."

"जाऊंदे. रेडी गेली तर इमा हाय. ह्यो गेला तर कोन देतंय?" आनंदाचा आवाज चढला नव्हता, पण तो मागं सरकत होता. "माझ्या पाठीची काय गत झालीया ते तुला ठावं हाय. मी आता भारा उचलणार न्हाई का खुरपं धरणार न्हाई. ह्याच्यावर दोन वरसं जेवतोय आपन. पाच दिस कड काढ. पाच दिसांनी ह्यो बोलंल, म्हस दूध दील, सगळं हुतं तसं हुईल."

"भावजी, आत या, भिजतंय तुमचं बाळ," हिराक्का म्हणाली. एवढ्या घाईतही तिला राहवलं नाही.

"वैनी, तुमी मधी पडू नका. तुमास्नी ह्यो कवाच बघवला न्हाई."

"न्हाईच बघवला. खरं तेच बोलतायसा."

शालन उठली नाही. रेडीचं डोकं मांडीवर तसंच ठेवून ती बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता म्हणूनच आनंदाला तो टाळता आला नाही.

"पाच दिसांनी ह्यो बोलंल. पुढल्या सालीबी बोलंल. आनि चिमणी बसली की मग? तुमी दत्तवाडापातूर हिंडून आलासा गेल्या उन्हाळ्यात, इनामदाराच्या लगनाचं निमित्त करून. म्हस बघायला गेलतासा, मला म्हाईत न्हाई असं वाटलं? किती दावणी बघितल्या?"

"लई."

"आनि रेडी किती दिसल्या?"

आनंदा पिंट्याच्या रबरावरून अंगठा फिरवायला लागला.

"चिमणी गेल्यावर काय पिंट्या व्यायचा हाय?"

रेडीनं पाय ताणले. मरताना जनावर पाय ताणतं तसे. आनंदानं आयुष्यभर जनावरं पाहिली होती, त्याला ते सांगावं लागलं नाही. तो दारातच खाली बसला, पिंट्याला मांडीवर पालथं घेतलं आणि कमरेची चावी काढून रबराच्या शिवणीत घातली.

"तुला न्हाई जमायचं," तो शालनकडं न बघता म्हणाला. "आत खटका हाय. उलटा फिरतोय."

"तुमी कधी उघडलावता?"

"पुसतो न्हवं रोज."

रबर सुटलं. आत पांढरं प्लॅस्टिक, तारा, बोटभर पंखा. दोन वर्षं ज्याला सगळं घर लेकरू म्हणत होतं त्याच्या पोटात एवढंच होतं. तांबडा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. आनंदानं मधली मोठी कुपी मान मोडून काढली. तिच्या तळाशी मधासारखं घट्ट काहीतरी होतं, चमचाभर. माणसांना त्याला काहीच वास येत नव्हता. चिमणीनं मात्र दावं ताणलं.

"पाठीवर, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी," फोन सांगत होता. "नाकाजवळ नको, उग्र आहे. थोडं थोडं."

शालननं तेल चोळलं, हिराक्कानं रेडीला बगलेत हात घालून उभं धरलं. आनंदानं चिमणीचं दावं आखडून हाताला दोन वेढे घेतले. मणका दुखत होता की नाही हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. मग दोघी जावांनी रेडीला उचलून आईच्या तोंडासमोर नेलं. त्या शिंगांच्या टप्प्यात रेडी होती आणि तिला धरलेल्या दोन बायकाही.

चिमणीनं हुंगलं. नाकपुड्या फुगल्या. रेकणं मधेच तुटलं.

तिच्या घशातून एक बारीक गुरगुर निघाली, म्हशी फक्त रेडकाशी काढतात तो आवाज. आणि तिनं जीभ लावली.

पहिल्या चाटण्यालाच रेडी कोलमडली, हिराक्कानं सावरली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मानेवरून पाठीवर, पाठीवरून शेपटीकडं. शालननं वाकून पाहिलं. मघापर्यंत दगडासारखी आवळलेली कास ढिली होत होती, सड ताठ होत होते, एका सडाच्या टोकाला पिवळा थेंब आला.

"पान्हा सुटला," ती कुजबुजली.

"रेडी तोंडाशीच असू द्या," फोन म्हणाला. "कासेकडं नेऊ नका. आधी चाटून होऊ द्या सगळं."

हेच अवघड होतं. चीक पुढ्यात गळत होता, रेडीला धरलेल्या हातांना तिचं काळीज लागत होतं, बारीक, घाईत, आणि नुसतं उभं राहायचं होतं. जितकं चाटणं होत होतं तितका पिंट्या कमी होत होता. मान आता स्वच्छ, काळी, चकचकीत झाली होती. पाठ निम्मी. प्रत्येक जिभेसरशी खालची परकी रेडी उघडी पडत होती आणि चिमणीला ती कळत होती. तिची जीभ मंद झाली. पुन्हा मानेकडं आली, हुंगली, शेपटीकडं गेली. शेपटीच्या बुडाशी उरलेलं तेल तिनं चाटून संपवलं.

मग ती थांबली.

हिराक्काची बोटं शालनच्या दंडात रुतली. आनंदानं दाव्याचा तिसरा वेढा घेतला. चिमणीनं मान वर केली आणि खुंटीकडं पाहिलं. खुंटीवर काही नव्हतं. तिनं खाली रेडीकडं पाहिलं. रेडी त्या क्षणी पहिल्यांदा ओरडली. पिंट्याचा आवाज गोड होता, कंपनीनं पुष्कळ रेडकांमधून निवडलेला. रेडीचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. चिमणीचे कान पुढं आले. शिंगं खाली गेली.

"सोडू?" हिराक्कानं ओठांतच विचारलं. सोडायचं म्हणजे रेडी एकटी. धरायचं म्हणजे तिघींवर एकच फटका.

शालननं मान हलवली. नाही.

चिमणीनं डोकं आणखी खाली घातलं, रेडीच्या पोटाखाली, आणि जोरात वर ढकललं. रेडी दोघींच्या हातांतून सुटली, शेणात गुडघ्यांवर पडली, आणि पडली ती नेमकी चिमणीच्या मांडीशी. चिमणीनं पुन्हा डोकं घातलं. ह्या वेळी नाकानं, आणि ढकलणं मागं होतं, कासेकडं. पोर दार चुकलं की आई त्याच्या पाठीत धपाटा घालते, तसं. मग तिनं मागचा पाय उचलला आणि बाजूला ठेवला. कास मोकळी केली.

रेडी सड शोधत मांडीला चाटत बसली. शालननं जाऊन तिचं तोंड लावून दिलं. पहिला घोट, मग दुसरा. मग तिचं शेपूट हलायला लागलं, आणि ज्यानं कधी रेडकाचं शेपूट हलताना पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. चिमणी वळून तिच्या पाठीला जीभ लावत होती. पाठीवर आता पिंट्याचा अंशही नव्हता.

फोनमधून डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं. मग त्यांनी कान देऊन चपचप ऐकली आणि फोन ठेवून दिला.

"नाक आपल्या सासूचं घेतलंय," हिराक्का रेडीकडं बघत म्हणाली.

"आक्का, ती म्हस हाय."

"सासूबी काय कमी नव्हती."

दोघी हसल्या नाहीत. दोघींना हसायची ताकद नव्हती. हिराक्का तिथंच शेणावर बसली आणि लुगड्याच्या पदरानं रेडीचं ओलं अंग कोरडं करायला लागली.

आनंदानं दावं सोडलं. हातावर वेढ्यांचे वळ उठले होते. त्यानं जमिनीवरच्या तारा, प्लॅस्टिक आणि रबर गोळा करून एका पोत्यात भरलं, पोतं कोपऱ्यात ठेवलं, थोडा वेळ त्याच्याकडं पाहत उभा राहिला. मग, पान्हा सुटलेला दिसतोय, पलीकडच्या दोन सडांतून चीक वाया चाललाय, हे बघून त्याचं लक्ष आपल्या सवयीनं धारेकडं गेलं. तो आतून बादली घेऊन आला आणि चिमणीच्या उजव्या अंगाला वाकला.

शालननं ती बादली त्याच्या हातातून काढून घेतली, रेडीशेजारी पालथी घातली आणि त्या बादलीवरच बसली.